धरणारा

माझं काम सोपं आहे.
मैदानाच्या या टोकाला, चुन्याच्या रेघेमागे,
गुडघा टेकून कोकरू धरायचं.
त्या टोकाला पोर उभं असतं,
पाठीमागे दुधाची बाटली लपवून.
रोना डालझेल शिट्टी फुंकते,
पोर हाक मारतं,
मी सोडतो.
जे सरळ जाईल त्याला निळी फीत.

ऑक्टोबर म्हणजे इकडे साउथलंडात वसंत,
हे वाऱ्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.
आया गाड्यांच्या आडोशाला चहा पितात.
टेबलावर बशीतल्या ओल्या वाळूत खोचलेली फुलं,
गाजराचे घोडे, त्यांना लवंगांचे डोळे.
कोंबड्यांच्या पिंजऱ्यापाशी कुणीतरी रडतंय,
बहुतेक दुसरा नंबर आलेलं.

बत्तीस वर्षं मी नदीकाठच्या कत्तलखान्यात होतो,
सरकत्या साखळीवर.
शाळेला ठाऊक आहे.
पहिल्यांदा बोलावलं तेही म्हणूनच:
अर्लच्या हातात जनावर धडपडत नाही.
खरं आहे.
एक हात हनुवटीखाली,
दुसरा पुढच्या पायांमागे, छातीला.
पकड तीच.
पुढचं तेवढं वेगळं.

छातीखालच्या त्या हाताला
काळीज लागतं, मुठीएवढंसुद्धा नाही,
पण काय पळतं!
तिथेही लागत असणार.
साखळी थांबत नसे.

मोरॅगचं बटन अकरा सेकंदांत पोचलं.
डनलॉप जुळ्या दोघी एकदमच ओरडल्या,
तर त्यांचं कोकरू मधोमध थांबलं,
इकडे बघितलं, तिकडे बघितलं,
आणि शांतपणे मुतलं.
रोनाने तेही वहीत लिहून घेतलं.

शेवटी हामुएरा. सात वर्षांचा, भांग पाडलेला,
बुटांना आजोबांनी पॉलिश केलेलं.
कार्डावर कोकराचं नाव: ड्यूक.
"ड्यूक!" तो म्हणाला,
बँकेत म्हणावं तसं.
मी हात काढले.
ड्यूक हलला नाही.
माझं बोट तोंडात धरून चोखत बसला.

"ड्यूक. ये, ड्यूक."
धरणाऱ्याने ढकलायचं नाही, असा नियम आहे.
मी दुसरीकडे बघितलं.
जिभेचा खरखरीतपणा, गरम,
आणि मी, एकसष्ट वर्षांचा माणूस,
मनात म्हणतोय, जा रे बाबा. माझ्याकडे नको.
माझ्याकडे थांबण्यासारखं काही नाही.

हामुएराने हेडबाईंकडे पाहिलं.
आजोबांकडे पाहिलं.
आजोबांनी टोपी डोळ्यांवर ओढली.
मग पोराने डोळे मिटून,
सगळ्या जिल्ह्याला ऐकू जाईल असा आवाज काढला:
"पादऱ्या! ए पादऱ्या! दूऽऽध!"

बोट सुटलं.
चारही पाय एकदम हवेत,
कान मागे, शेपटी पंख्यासारखी,
रेघबीघ काही नाही, सरळ
त्या पॉलिश केलेल्या बुटांवर जाऊन आदळला.
लोक हसता हसता चहा सांडत होते.
हेडबाईंना खोकला झाला होता.

तिसरा नंबर. पिवळी फीत.
काहींना मार्चमध्ये ट्रक न्यायला येईल,
हे मला माहीत आहे, पोरांपैकी निम्म्यांना.
हामुएराने येऊन विचारलं,
"तुमच्याकडे का थांबला तो?"
"बोटाला मीठ असेल," मी म्हटलं.
त्याला ते पटलं.

घरी ऊना बटाटे सोलत होती.
तिने न वळता विचारलं, "किती झाली?"
हाच प्रश्न ती बत्तीस वर्षं विचारायची,
आणि मी आकडा सांगून
कोपरापर्यंत हात धुवायला जायचो.

"सतरा," मी म्हटलं.
खुर्ची ओढून बसलो.
"सगळी पोचली."